यादीत नसलेल्या मुलापासून सुरुवात करा : साताऱ्या-सांगलीत कातकरी, पारधी मुलांना शिष्यवृत्ती मिळवून देताना

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात शिक्षक म्हणून नव्यानं हजर झालात, किंवा एखाद्या वस्तीवर काम करायला आलात, की थोड्याच दिवसांत कुणीतरी हमखास सांगतं, "आपल्याकडं कुठले आले आदिवासी? ते तिकडं नंदुरबार-गडचिरोलीला." सांगणारा वाईट नसतो, त्याला खरंच दिसत नाहीत. धोम धरणाच्या कडेला मासे मारणारं कुटुंब, कृष्णाकाठच्या वीटभट्टीवर माती तुडवणारं जोडपं, जतच्या माळावर पालं टाकून राहिलेले फासेपारधी ही सगळी माणसं त्याच्या लेखी नुसते मजूर असतात.

त्याच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. दोन्ही जिल्ह्यांत राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं, एकही गाव नाही आणि 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचं प्रमाण साताऱ्यात जेमतेम एक टक्का, सांगलीत त्याहून कमी. पण नेमकं इथंच पाणी मुरतं. जिथं आदिवासी बहुसंख्य आहेत तिथं आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय हाताशी असतं, आश्रमशाळा असतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा हे प्रत्येक मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतं. आपल्याकडं एखाद्या शाळेत अनुसूचित जमातीची दोन मुलं असतात, तीही निम्मं वर्ष भट्टीवर. साताऱ्याचा आदिवासी विकासाचा कारभार चालतो तो घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयातून, म्हणजे पुणे ओलांडून पार आंबेगाव तालुक्यातून. सांगलीत काम करणार असाल तर आपलं प्रकल्प कार्यालय कोणतं हे समाजकल्याण कार्यालयात पहिल्याच भेटीत विचारून, पत्ता वहीत लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. तालुक्याच्या आढाव्यात ‘शंभर टक्के लाभ दिला’ असं लिहिलेलं दिसेल आणि ते खोटं नसेल. ज्यांचे अर्ज आले त्यांतल्या शंभर टक्के मुलांना पैसे मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. ज्याचा जातीचा दाखला नाही त्याचा अर्ज नाही, आणि ज्याचा अर्ज नाही तो टक्केवारीत कुठंच येत नाही. शिवाय अनुसूचित जमात ही काही एकसारखी नसते. साताऱ्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या, दोन पिढ्या शिकलेल्या कुटुंबातल्या मुलीचा अर्ज मुदतीच्या आधी भरलेला असतो. जावळीतल्या कातकरी वाडीवरची मुलगी त्याच जमातींच्या रकान्यात मोडते, पण तिच्या घरात कागद म्हणून रेशनकार्डाची एक फाटकी घडी असते. योजना दोघींसाठी सारखीच, हातात पडणारं मात्र सारखं नाही.

म्हणून माझा आग्रह एकच : कामाची सुरुवात अर्जापासून करू नका. यादीत कोण नाही, तिथून करा.

आधी पैसे कोणते, ते समजून घ्या

पहिली ते दहावीच्या अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राज्याची सुवर्णमहोत्सवी आदिवासी शिष्यवृत्ती आहे. ती 2010-11 च्या सुमाराला सुरू झाली. पहिली ते चौथीला वर्षाला 1000 रुपये, पाचवी ते सातवीला 1500, आठवी ते दहावीला 2000. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 8 हजार. आश्रमशाळेत किंवा सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ही मिळत नाही. नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2012 पासून आहे. घरून शाळेत येणाऱ्याला महिना 225 रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला 525, दोन्ही दहा महिने, आणि वर पुस्तकांसाठी ठरावीक रक्कम. त्या वर्षी मुलासाठी यांतली कोणती भरायची, आणि रकमेत किंवा उत्पन्नाच्या मर्यादेत बदल झालाय का, हे चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच पालकांना सांगा. एकदा चुकीचा आकडा सांगितला तर वस्ती तुमच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता 1992 सालचा. पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया. तेव्हा रुपयात काय यायचं आणि आता काय येतं, हा हिशोब तुम्हीच करा. पाचवीपासून पुढं भटक्या-विमुक्त मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वेगळी. हे ध्यानात ठेवायचं कारण पुढं येईल.

रकमा बघून नवा माणूस विचारतो, हजार रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. तहसीलला खेटे घालताना बुडणारा रोज धरला तर पहिल्या वर्षी कुटुंब तोट्यातच जातं, आणि ही गोष्ट वस्तीवरच्या बाईला तुमच्याआधी कळलेली असते. ती टाळाटाळ करते ती अडाणी म्हणून नव्हे. तुम्ही हिशोब पुढचा मांडा. या हजारासाठी जो जातीचा दाखला काढाल तोच वसतिगृहाला, दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीला, आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेला लागतो. पहिलीतल्या लेकराच्या निमित्तानं सगळ्या घराचे कागद होतात.

शाळेचं जनरल रजिस्टर उघडा आणि मग वस्तीवर जा

क्रम हाच ठेवा. आधी जनरल रजिस्टर काढून गेल्या सहा-सात वर्षांच्या प्रवेशाच्या नोंदी वाचा. आडनावांवर भिस्त ठेवू नका. कातकऱ्यांत वाघमारे, पवार, जाधव, मुकणे, हिलम ही आडनावं सापडतात. पारध्यांत पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे. आपल्या भागात पवार म्हटल्यावर प्रवेश देणाऱ्या गुरुजींच्या हातून जातीच्या रकान्यात काय लिहिलं जाईल, सांगायला नको. कधी तो रकाना नुसता ‘हिंदू’ म्हणून सोडलेला असतो. कधी ‘पारधी’ एवढंच.

हा रकाना पुढं सगळं ठरवतो. कातकरी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कोलाम, माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित आदिम गटांतही आहेत. फासेपारधी अनुसूचित जमातीत. पण राजपारधी मोडतात विमुक्त जातींत, म्हणजे त्यांच्या योजना वेगळ्या खात्याच्या. मघाशी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचं सांगितलं ते म्हणूनच. नुसतं ‘पारधी’ लिहिलेल्या मुलीचा अर्ज दोन्ही खिडक्यांवरून परत येऊ शकतो. म्हणून घरी बसून, वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्ण आणि नेमकं काय ते लिहून घ्या.

चुकीची नोंद दुरुस्त करायची असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच करायची, शिक्षण खात्याची परवानगी घेऊन. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की दुरुस्तीची वाट फार बिकट होते. म्हणून चौथीतली आणि सातवीतली मुलं आधी घ्या, ती पुढच्या शाळेत जायच्या बेतात असतात. पहिलीत नवं मूल येतंय तिथं तर दुरुस्तीची वेळच येऊ देऊ नका. जमातीच्या दाखल्याच्या चौकशीत पहिल्या प्रवेशाच्या नोंदीला सगळ्यांत जास्त वजन असतं, आणि ती नोंद तुमच्या पेनानं होणार असते.

मग वस्तीवर जा, संध्याकाळी. सकाळी तिथं म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी नसतं. शाळेच्या पटावरची नावं घेऊन जा, पण विचारताना पटावरून विचारू नका. घरागणिक सहा ते सोळा वयाची मुलं किती, एवढंच मोजा. पटावर नसलेली मुलं इथं सापडतात. त्यांना जन्माचा दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवलं असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 दाखवा : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवायची तरतूद कलम 4 मध्ये आहे. आधी प्रवेश, मग कागद.

बोलण्याची घाई करू नका. कातकऱ्यांची बोली वेगळी, पारध्यांची तर गुजरातीच्या अंगानं जाणारी. आपली सरकारी मराठी दोघांनाही परकी. पारध्यांच्या पालावर वही-पेन घेऊन जाणाऱ्या माणसाकडं संशयानं बघितलं गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या माणसांची जन्मापासून हजेरी घेतली, आणि तो कायदा 1952 ला गेला तरी रात्री-अपरात्री दारात येणारी गाडी गेली नाही. नावं लिहून घेणारा माणूस म्हणजे काय, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वस्तीवरचीच एखादी शिकलेली पोर, अंगणवाडीची मदतनीस, नाहीतर आशाताई बरोबर घ्या.

जातीचा दाखला : घोडं अडतं ते इथं

सगळ्यांत जास्त वेळ इथं जातो, म्हणून जरा सविस्तर.

दाखला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, देतात. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून जातो. अनुसूचित जमातीसाठी पुरावा लागतो तो 6 सप्टेंबर 1950 पूर्वी घराणं राज्यात कुठं राहत होतं याचा. विमुक्त-भटक्यांसाठी तीच तारीख 21 नोव्हेंबर 1961. आता बघा, 1950 साली ज्या माणसाच्या नावावर जमीन नव्हती, जो शाळेत गेला नाही, आणि ज्याच्या जन्माची नोंद कुणी केली नाही, त्याच्या पणतवाकडं आपण त्या सालचा कागद मागतो.

तरी कागद निघतात. शोधायचा क्रम सांगतो.

पहिल्यांदा भावकी. वडिलांकडच्या कुणा एकाकडं, चुलता असो, चुलत भाऊ असो, दाखला आहे का? असला तर निम्मं काम झालं. त्याची प्रत, आणि नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर. जातवैधता, म्हणजे त्या दाखल्याची समितीकडून पडताळणी, झालेली असेल तर दुधात साखर. लोक हा कागद पेटीच्या तळाशी ठेवतात आणि विसरतात, म्हणून ‘दाखला आहे का’ असं न विचारता ‘भावकीत कुणी नोकरीला, आश्रमशाळेत, वसतिगृहात होतं का’ असं विचारा.

दुसरं, गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि त्यात जात लिहिलेली असते. आज्याचा जन्म नसेल सापडत तर पणज्याचा मृत्यू शोधा. मृत्यूच्या नोंदी कुणाच्या लक्षात येत नाहीत. नाव कसं लिहिलं असेल याची कल्पना करून वाचावं लागतं. सोमा, सोम्या, सोमजी हा एकच माणूस असू शकतो. आडनाव बहुतेक वेळा नसतंच, ‘कातकरी’ हेच आडनावाच्या जागी असतं, आणि तेच आपल्या फायद्याचं.

तिसरं, आज्यानं किंवा थोरल्या काकानं शाळेत एखादं वर्ष काढलं असेल तर त्या शाळेचा उतारा. काही घराण्यांचं मूळ घाटाखाली महाड-पोलादपूरकडचं निघतं. मग 1950 चं गाव तिकडचं, आणि अर्जही मुळात तिकडच्या प्रांताकडं. हे आधीच विचारून घेतलं नाही तर इथं भरलेला अर्ज कित्येक महिन्यांनी ‘कार्यक्षेत्राबाहेर’ असा शेरा घेऊन परत येतो.

यातलं काहीच नसलं तर? मग स्थानिक चौकशीची मागणी लेखी करा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे जुन्या भाषेतले तलाठी, यांचा जबाब-पंचनामा, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, सरपंचांचा रहिवासी दाखला, सगळं जोडून प्रांतांना अर्ज द्यायचा. अर्ज एकट्या मुलाचा नको, सगळ्या वस्तीचा एकत्र न्या आणि शिबिराची मागणी करा. एकेकट्या बाईला खिडकीवर ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं, तीस घरांची यादी घेऊन आलेल्यांना अवघड जातं. कातकऱ्यांच्या बाबतीत पीएम जनमन अभियानाचा हवाला द्या. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं हे अभियान नेमकं अशाच आदिम गटांसाठी आहे, आणि आधार, जातीचे दाखले, बँक खाती ही कामं शिबिरं घेऊन करणं त्यातच येतं.

कुणी म्हणालं की ‘ही जमात या तालुक्यात अनुसूचित नाही’, तर वाद न घालता सांगा : जमात ठरावीक भागातच अनुसूचित धरायची, हे क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्यानं काढलं. जुन्या माणसांच्या डोक्यात ते अजून बसलेलं असतं.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणं दाखल्याला मुदत ठरलेली आहे, ती उलटली तर अपील करता येतं. पण पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. उत्पन्नाचा दाखला याच फेरीत मागून टाका. तो तुलनेनं सोपा असतो.

आधार : दोन जन्मतारखांचा घोळ

आपल्याकडच्या जुन्या शाळांत ज्याची जन्मतारीख माहीत नाही तो 1 जूनला जन्मतो. आधारवाल्यांकडं मात्र फक्त साल सांगितलं की तारीख पडते 1 जानेवारी. एकच पोर, दोन वाढदिवस, आणि शिष्यवृत्तीचं पोर्टल म्हणतं हा तो नव्हेच. वस्तीवरच्या मुलांचे अर्ज अडायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि ते आधीच पकडता येतं. पटावरची तारीख आणि आधारवरची तारीख समोरासमोर लिहून काढा. न जुळणाऱ्यांची वेगळी यादी करा. आधारमध्ये जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, तेव्हा काय लिहायचं हे आधी नीट ठरवूनच केंद्रावर जा. नावाचंही तेच. मुलाचं, वडिलांचं, आडनाव, हा क्रम आणि स्पेलिंग दोन्हीकडं सारखं पाहिजे.

पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. पहिलीत येणाऱ्या मुलाचं निळं बालआधार असेल तर ते अजून ठशांविना आहे, हे पालकांना सांगा. जन्माची नोंदच नसेल तर ती कामाची वेगळी ओळ धरा. वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि अलीकडं छाननी कडक झाली आहे. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालणार आहे. ती मुलं अजून अंगणवाडीत आहेत, तोवर करून टाका.

बँकेचं खातं

2017 मध्ये गणवेशाचे पैसे मुलांच्या खात्यात द्यायचं ठरलं तेव्हाची गोष्ट जुन्या शिक्षकांना विचारा. दोन गणवेशांचे मिळून 400 रुपये, आणि ते घ्यायला आई-मुलाचं संयुक्त खातं. खातं उघडायला बँका पाचशे-हजार ठेवायला सांगत होत्या. ज्यांचं खातं आधीपासून होतं त्यांना कपडे मिळाले. नव्हतं त्यांची मुलं जुन्याच सदऱ्यात 15 ऑगस्टला उभी राहिली. थेट खात्यात पैसे दिले की मधली गळती बंद होते हे मला मान्य आहे, पण खात्यापर्यंत पोचायचा रस्ता ज्याला नाही त्याच्यासाठी योजनाच बंद होते.

दहा वर्षांवरच्या मुलाचं खातं त्याच्या नावानं निघतं, त्याखालच्याचं पालकाबरोबर. शून्य शिलकीचंच मागा. शाखेतून टोलवाटोलवी झाली तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेकडं वळा. तिथं पोस्टमन वस्तीवर येऊन खातं उघडतो आणि आधार तिथंच जोडतो. वाडीवर जाणाऱ्या पोस्टमनशी ओळख करून घ्या, तुमच्या कामात गटशिक्षणाधिकाऱ्यांइतकाच तो माणूस महत्त्वाचा.

खातं आहे म्हणजे पैसे येतील असं मात्र नाही. आधारला शेवटी जी बँक जोडली गेली तिकडं पैसे जातात. सिमकार्ड घेताना, कर्जाच्या कुठल्या ॲपवर, एखाद्या मेळाव्यात अंगठा दिला आणि भलतंच खातं उघडलं गेलं, असं होतं. आई पासबुक घेऊन एका बँकेत विचारते, पैसे पडलेले असतात दुसरीकडं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. अर्ज भरायच्या आधी प्रत्येक मुलाची ती बघा आणि बँकेचं नाव वहीत लिहा.

वर्षातून एकदा हजार रुपये येणाऱ्या खात्यावर व्यवहार तो काय होणार? मग ‘खातं बंद पडलंय’ असं सांगितलं जातं. इथं रिझर्व्ह बँकेचं 1 जानेवारी 2024 चं परिपत्रक कामाला येतं. शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी मदतीसाठी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं वापरलं नाही म्हणून निष्क्रिय धरायचं नाही, असं त्यात सांगितलंय. छापील प्रत पिशवीत ठेवा. तोंडी सांगितलेल्या नियमाला काउंटरवर किंमत नसते.

आणि अंगठा. भट्टीवर वर्षानुवर्षं विटा थापलेल्या हाताच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. बँकमित्राच्या, म्हणजे गावात बँकेची कामं करणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर बाई अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणतं. ती पदराला बोट पुसते, पुन्हा दाबून ठेवते, पुन्हा नाही. मागची रांग चुळबुळते, आणि ती आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखी बाजूला होते. तुम्ही बरोबर असाल तर तिला बाजूला होऊ देऊ नका. साबण-पाण्यानं हात धुवून, कोरडे करून दहाही बोटं लावून बघायला सांगा. अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट पुष्कळदा चालतं. तरीही नाही जमलं तर थेट शाखेत पासबुक आणि पैसे काढायची स्लिप देऊन, साक्षीनं अंगठा उमटवून पैसे काढता येतात, त्याला यंत्र लागत नाही.

हजेरी, आणि दिवाळीची मुदत

बहुतेक योजनांना हजेरीची अट असते, आणि ती अट रोज शाळेत येणाऱ्या मुलाचा विचार करून घातलेली असते. कातकरी कुटुंब दिवाळी झाली की भट्टीवर किंवा कोळशाला बाहेर पडतं ते पावसाच्या तोंडावर परततं. हे दुखणं फक्त आपलं नाही. मेक्सिकोनं 1997 मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांना पैसे द्यायची प्रोग्रेसा नावाची मोठी योजना काढली, तेव्हा सुरुवातीला गावं निवडताना जवळ शाळा आणि दवाखाना असला पाहिजे ही अट होती. अगदी दुर्गम वस्त्या, जिथं आदिवासी जास्त, त्या तिथंच गळाल्या. फिलिपिन्सच्या योजनेत 85 टक्के हजेरीची अट आहे, आणि डोंगरातल्या, फिरस्त्या आदिवासी कुटुंबांसाठी पुढं त्यांना वेगळी, बदललेली योजना आखावी लागली. आपण अट बदलू शकत नाही, निदान या वर्षी तरी. पण मूल हजेरीतून गळणार नाही एवढं बघता येतं.

कुटुंब निघायच्या आधी मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या. जिथं जाईल तिथल्या जवळच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. भट्टी कुठल्या गावात आहे ते मुकादमाकडून लिहून घ्या आणि तिथल्या शिक्षकाला स्वतः फोन करा. नुसत्या कार्डानं कुणी उठून शाळेत जात नाही. परत आल्यावर त्या शाळेचा हजेरीचा दाखला मागवून आपल्या पटाला जोडा. आजी-आजोबा मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत टाका, म्हणजे मूल गावातच राहील.

अर्जाची मुदत दरवर्षी वेगळी असते आणि ती वाढतही असते. तुम्ही त्या वाढीवर विसंबू नका. तुमच्यापुरती शेवटची तारीख दिवाळी. त्यानंतर सही करायला आई नसते, अंगठा द्यायला बाप नसतो, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

अर्ज

वरचं सगळं झालं असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. शाळेच्या लॉगिननं मुख्याध्यापक भरतात. भरल्यावर छापील प्रत काढा, अर्ज क्रमांक वहीत घ्या, आणि तो पुढं तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून प्रकल्प कार्यालयाला सरकला का ते महिन्याला एकदा बघा. त्रुटीत परत आलेला अर्ज शाळेच्या लॉगिनमध्ये मुकाट्यानं पडून राहतो, कुणी फोन करून सांगत नाही.

आपली स्वतःची वही

सरकारी पोर्टलवर अवलंबून न राहता एक साधी शंभर पानी वही करा. एका मुलाला एक पान : पटावरची नोंद, दाखल्याची पोच आणि तारीख, आधारवरची जन्मतारीख, जोडलेली बँक, अर्ज क्रमांक, पैसे कधी आले, किती आले. शेवटच्या दोन गोष्टी आईला विचारूनच लिहा, पोर्टलवरचं ‘वितरित’ बघून नव्हे. ही वही माणसांच्या खासगी गोष्टींची आहे, तिचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बदली झाली तर पुढच्याच्या हातात द्या. कागदांच्या प्रतींचा एक जोड प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून आईकडं ठेवा. पालाला, झोपडीला पाऊस लागतो आणि कधी आगही लागते.

वर्षभर हे केलंत की तुमच्या शाळेचं चित्र कळेल, तालुक्याचं नाही. त्यासाठी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला माहिती अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. प्रश्न मोघम विचारलात की उत्तरही मोघम येतं, म्हणून शाळानिहाय चार रकाने मागा : गेल्या तीन वर्षांत प्रत्येक शाळेच्या पटावर अनुसूचित जमातीची मुलं किती, त्यांतल्या किती जणांचे अर्ज भरले, किती जणांच्या खात्यात प्रत्यक्ष पैसे जमा झाले, आणि किती अर्ज कोणत्या कारणानं परत आले. पहिला आणि दुसरा रकाना शेजारी ठेवून वाचा. मधला फरक म्हणजे तुमची पुढच्या वर्षीची यादी. चौथा रकाना बहुतेक वेळा ‘माहिती संकलित नाही’ म्हणून येतो. ही माहिती मिळाली नाही तर पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं.